द्रावक साठवणारी नळी की सायलेन्सर? अमेरिकेतील कायद्याबद्दल प्रश्न

कोलंबसकर

नमस्कार. मी गेली सहा वर्षे ओहायोत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो आणि माझा ग्रीन कार्डचा अर्ज, म्हणजे आय-४८५, सध्या प्रलंबित आहे. शाळेत एनसीसीमध्ये असताना नेमबाजीची गोडी लागली होती. इथे आल्यावर शिकारीचा परवाना काढून आणि दुकानात पार्श्वभूमीची तपासणी पूर्ण करून मी एक पॉइंट टू-टू रायफल रीतसर विकत घेतली. महिन्यातून एकदा रेंजवर जावे, कागदी लक्ष्यावर शंभरेक गोळ्या झाडाव्यात आणि घरी येऊन रायफल पुसून ठेवावी, एवढाच माझा छंद आहे.

दोन वर्षांपूर्वी समाजमाध्यमावरील एका जाहिरातीत रायफलची नळी साफ करण्याचे एक साधन दिसले. ॲल्युमिनियमची वीतभर पोकळ नळी, एका टोकाला रायफलच्या तोंडावर बसणारे आटे, दुसऱ्या टोकाला झाकण आणि आत एकात एक बसणाऱ्या शंकूसारख्या सहा-सात वाट्या, असे त्याचे स्वरूप होते. मागून सोडलेले द्रावक पुढून गळून गालिच्यावर सांडू नये म्हणून ते या नळीत साठते, असे जाहिरातीत म्हटले होते. गालिच्यावरच्या डागावरून घरात ऐकावी लागलेली बोलणी ताजी असल्याने मी पन्नास डॉलरच्या आत मिळणारी ती वस्तू लगेच मागवली. पार्सल चीनहून आले आणि त्यावरच्या चिठ्ठीत वाहनाचे सुटे भाग असा काहीसा उल्लेख होता, याकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही.

गेल्या आठवड्यात रेंजवरच्या एका परिचिताने सांगितले की या साधनांना ‘सॉल्व्हंट ट्रॅप’ म्हणतात आणि दारू, तंबाखू आणि शस्त्रे यांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची एटीएफ ही यंत्रणा त्यांतील अनेकांना थेट सायलेन्सर, म्हणजे बंदुकीचा आवाज दाबणारे साधन, समजते. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मी ती नळी लावून एकही गोळी झाडलेली नाही. तिचा उपयोग फक्त सफाईसाठी केला. तरीही ती नुसती घरात असणे हा गुन्हा होतो का? सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे, तर आता अर्ज भरून तिची नोंदणी करून टाकता येईल का? आणि तसे जमत नसेल, तर डिसेंबरात गावी जाताना ती कोल्हापूरजवळ राहणाऱ्या माझ्या काकांना देऊन टाकावी का? त्यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची बंदूक आहे. आवश्यक असल्यास नळीचे आणि वाट्यांचे छायाचित्र येथे जोडतो.

एडिसनकर वकील

छायाचित्र जोडू नका. वस्तूचे याहून अधिक वर्णनही येथे करू नका आणि तिला पुन्हा हात लावून काही उलगडून पाहण्याच्या भानगडीत पडू नका. मी न्यू जर्सीत स्थलांतर कायद्याची वकिली करतो; आज सुनावणी आहे, रात्री सविस्तर लिहितो. जे लिहीन ती सर्वसाधारण माहिती असेल, तुमच्या प्रकरणावरचा सल्ला नव्हे.

जुना नेमबाज

मी टेक्सासात राहतो, येथील नागरिक आहे आणि माझ्याकडे नोंदवलेले दोन सप्रेसर (सायलेन्सरचेच दुसरे नाव) आहेत, त्यामुळे त्या कागदपत्रांतून स्वतः गेलो आहे. कायद्याचा अर्थ वकीलसाहेब लावतीलच. मी वस्तूबद्दल लिहितो.

आपल्याकडे सायलेन्सर म्हटले की बुलेट मोटारसायकल आठवते आणि पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडण्यासाठी रस्त्यावर मांडलेल्या नळकांड्यांची रांग डोळ्यांपुढे येते. हे साम्य नुसत्या शब्दापुरते नाही. हायरम पर्सी मॅक्सिम यांना बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट १९०९ मध्ये मिळाले आणि मोटारीच्या इंजिनाचा आवाज दाबण्यासाठीही त्यांनी तेच तत्त्व वापरले. वेगाने बाहेर पडणाऱ्या तप्त वायूला एकामागून एक आडपडद्यांतून जायला लावले की त्याचा दाब टप्प्याटप्प्याने उतरतो आणि स्फोटाचा कडाका कमी होतो. बंदुकीच्या सायलेन्सरमधले हे आडपडदे बहुधा शंकूच्या आकाराचे असतात.

आता तुमच्या नळीकडे या दृष्टीने पाहा. ओघळणारे द्रावक साठवायला एक साधी डबी पुरते. त्यासाठी शंकूच्या आकाराच्या सात वाट्या एका रांगेत कशाला हव्यात, याचे सफाईशी जुळणारे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. बाजारातल्या अशा अनेक संचांत प्रत्येक वाटीच्या आणि पुढच्या झाकणाच्या बरोबर मध्यावर एक खूण असते. त्या जागी गोळी जाण्यापुरते छिद्र पडले की उरतो तो सायलेन्सरच, आणि एटीएफचे म्हणणे असे की छिद्र पडेपर्यंत थांबण्याची गरजच नाही. ज्या वस्तूची रचना त्या कामासाठी झाली आहे ती छिद्राआधीही सायलेन्सरच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये परवानाधारक विक्रेत्यांना उद्देशून या यंत्रणेने जे खुले पत्र काढले, त्याचा रोखही हाच होता.

१९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टने मशीनगन आणि आखूड नळीच्या बंदुकांच्या पंगतीत सायलेन्सरलाही बसवले. पुढे त्याची व्याख्या अधिक व्यापक झाली. आज त्या व्याख्येत आवाज कमी करणारे तयार साधन तर आहेच, शिवाय सायलेन्सर जुळवण्यासाठी रचलेला आणि त्याच हेतूने ठेवलेला सुट्या भागांचा संच आहे, आणि केवळ त्याच कामासाठी असलेला एकटा सुटा भागसुद्धा आहे. म्हणजे संपूर्ण नळी राहू द्या, तिच्यातील एका वाटीवरूनही वाद उभा राहू शकतो.

काकांबद्दल एवढेच सांगतो की बारा बोअरच्या तोंडावर ही नळी बसणारसुद्धा नाही. कायदेशीर भाग वेगळाच.

डॅलसचा पाटील

वरील उत्तरे वाचून एखाद्याला वाटेल की दारात पोलीस उभेच आहेत. थोडी दुसरी बाजूही मांडतो. मी वकील नाही, पण या विषयावरचे निकाल आवडीने वाचतो.

पहिली गोष्ट, व्याख्येत ‘हेतू’ हा शब्द आहे. २०१० मध्ये बोस्टनच्या पहिल्या सर्किट न्यायालयात, म्हणजे केंद्रीय अपील न्यायालयात, क्रूकर नावाच्या इसमाचे प्रकरण आले होते. त्याने हवेच्या बंदुकीसाठी बनवलेले आवाज कमी करणारे साधन टपालाने पाठवले होते आणि ते खऱ्या बंदुकीवरही चालू शकते, असे सरकारने प्रयोगाने दाखवले होते. न्यायालयाने शिक्षा रद्द केली. एखादी वस्तू त्या कामी येऊ शकते एवढे पुरेसे नाही, ती त्या उद्देशाने असली पाहिजे, असा त्या निकालाचा अर्थ आहे. दुसरा निकाल २०१४ चा, राजधानी वॉशिंग्टनच्या केंद्रीय जिल्हा न्यायालयाचा. इनोव्हेटर नावाच्या कंपनीच्या एका जोडणीला एटीएफने केवळ बाह्य साम्यावरून सायलेन्सर ठरवले होते. न्यायाधीशांनी तो निर्णय रद्द करताना लिहिले की शेपूट, करडी कातडी आणि चार पाय ही हत्तीची तीन लक्षणे आढळली म्हणून उंदीर हत्ती ठरत नाही.

तेव्हा ज्याने फक्त सफाई केली त्याला कोण काय करणार? शिवाय टेक्सासने २०२१ मध्ये कायदाच केला आहे की राज्यात बनलेला आणि राज्यातच राहिलेला सप्रेसर केंद्राच्या कायद्याखाली येत नाही.

एडिसनकर वकील

पाटीलसाहेबांनी दिलेले दोन्ही निकाल खरे आहेत आणि बचावाच्या वकिलाला ते उपयोगी पडतात. मात्र दोन्हींमध्ये वस्तू कोणती होती ते पाहावे. एकात ती हवेच्या बंदुकीसाठी होती, दुसऱ्यात कंपनीने गोळी झाडताना बसणारा धक्का कमी करणारी जोडणी म्हणून तिची रचना केली होती आणि यंत्रणेने आपल्या निष्कर्षाची नीट कारणे दिली नव्हती. त्याच पहिल्या सर्किट न्यायालयाने २०१६ मध्ये सिग सॉअर या कंपनीविरुद्ध निकाल दिला. कंपनी म्हणत होती की बंदुकीच्या तोंडावरचा आपला भाग धक्का कमी करण्यासाठी आहे. एटीएफ म्हणत होती की तो सायलेन्सरच्या आतल्या गाभ्याचाच भाग आहे आणि दुसरे कोणतेही काम त्याच्याकडून अपेक्षित नाही. विक्रेता स्वतःच्या मालाचा हेतू काय सांगतो एवढ्यावर न थांबता वस्तूची बांधणी काय सांगते हे पाहण्याचा यंत्रणेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. जुन्या नेमबाजांनी विचारलेला सात वाट्यांचा प्रश्न सरकारी वकील ज्यूरीपुढे जवळजवळ त्याच शब्दांत विचारील.

हेतू सिद्ध कसा होतो, तेही लक्षात घ्यावे. मनातले कोणाला दिसत नसते, म्हणून आजूबाजूचे पाहिले जाते. वाटीला छिद्र पाडले आहे का, घरात ड्रिल आणि आटे पाडलेली नळी एकत्र आढळली का, शोधयंत्रात काय टंकले होते, खरेदीनंतर मित्राला कोणता संदेश गेला, कोणत्या चित्रफिती पाहिल्या. अशा संचाच्या जाहिरातीखालच्या प्रतिक्रियांत लोक डोळे मिचकावून जे लिहितात, तेसुद्धा पुरावा म्हणून येऊ शकते.

अज्ञानाच्या बचावाला मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या स्टेपल्स प्रकरणात सांगितले की वस्तू ज्या गुणधर्मामुळे या कायद्याखाली येते तो गुणधर्म आरोपीला माहीत होता, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. हे तुमच्या बाजूचे आहे. पण १९७१ च्या फ्रीड प्रकरणानुसार ती नोंदवलेली नाही किंवा नोंदवावी लागते हे माहीत नव्हते, असे म्हणून सुटका होत नाही. आणि एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. गेल्या आठवड्यापर्यंत तुम्ही जे प्रामाणिकपणे म्हणू शकत होता, ते हा धागा लिहिल्यानंतर तितक्या सहजपणे म्हणता येणार नाही.

राज्याच्या कायद्याची ढाल कोणीही पुढे करू नये. कॅन्ससने टेक्सासच्या कितीतरी आधी असाच कायदा केला होता. त्यावर विसंबून एका दुकानदाराने सायलेन्सर विकले आणि लष्करात सेवा केलेल्या एका ग्राहकाने एक विकत घेऊन त्याची चित्रफीत फेसबुकवर टाकली. दोघांवर केंद्राच्या कायद्याखाली खटला झाला, दोघेही दोषी ठरले, दहाव्या सर्किट न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्षा कायम केली आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. शिवाय प्रश्नकर्त्याची वस्तू ना टेक्सासात बनली, ना ओहायोत. ती परदेशातून आलेली आहे, आणि परवानगीवाचून आयात झालेला सायलेन्सर स्वीकारणे किंवा बाळगणे हा त्याच कायद्यातील वेगळा गुन्हा आहे.

कॅन्ससच्या त्या दोघांना तुरुंगवास झाला नाही. दुकानदाराला दोन वर्षे आणि ग्राहकाला एक वर्ष परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) सोडण्यात आले. कायद्यात कमाल शिक्षा दहा वर्षे असताना हे सौम्यच म्हणावे लागेल, आणि ते दोघे नागरिक असल्यामुळे त्यांच्यापुरते प्रकरण गंभीर गुन्ह्याच्या नोंदीवर थांबले. माझ्या कार्यालयात येणारे बहुतेक आपले लोक नागरिक नसतात. त्यांच्यासाठी नेमके याच ठिकाणी प्रकरण सुरू होते.

स्थलांतर कायद्यात ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’ नावाचा एक वर्ग आहे. नाव ऐकून खून-दरोड्याची आठवण होते, पण त्या यादीत नॅशनल फायरआर्म्स ॲक्टचे कलम ५८६१ क्रमांकासह लिहिलेले आहे, आणि विना-नोंदणी सायलेन्सर बाळगण्याचा गुन्हा याच कलमात येतो. यादीतील काही गुन्ह्यांना किमान एक वर्षाच्या शिक्षेची अट असते. या कलमाला ती नाही. म्हणजे न्यायाधीशाने एक दिवसही तुरुंगात न पाठवता परिवीक्षेवर सोडले, तरी दोषसिद्धी झाली की हद्दपारीची कारवाई, आणि त्या कारवाईतून वाचण्याचे बहुतेक मार्ग बंद. वीस वर्षे ग्रीन कार्डवर असलेल्या माणसालाही हे लागू आहे. पुढे नागरिकत्वासाठी जे ‘चांगले चारित्र्य’ दाखवावे लागते, त्याचाही मार्ग कायमचा खुंटतो. बंदूक, तिचा भाग किंवा जोडसामान यांच्याशी संबंधित गुन्ह्यासाठी हद्दपारीचे एक स्वतंत्र कारणही कायद्यात आहेच.

एच-१बीवर असलेल्यांसाठी आणखी एक दार आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक नसते. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. जे मोजके अपवाद आहेत त्यांत चालू असलेला शिकारीचा परवाना हा एक. प्रश्नकर्त्याने रायफल याच अपवादाखाली घेतली असणार. परंतु हा अपवाद त्या परवान्याच्या मुदतीइतकाच जगतो. परवान्याची मुदत संपली आणि रायफल कपाटात राहिली, तर तो बाळगण्याचा गुन्हा होऊ शकतो, आणि केंद्राच्या त्या कायद्यात ‘फायरआर्म’ या शब्दातच सायलेन्सरचाही समावेश आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षे आहे. २०१९ च्या रेहाइफ निकालातील तरुण विद्यार्थी व्हिसावर फ्लोरिडात आला होता, अभ्यासात मागे पडल्याने विद्यापीठाने त्याला काढून टाकले, आणि नंतर तो एका रेंजवर जाऊन नेमबाजी करून आला. खटला उभा राहायला तेवढे पुरले. आपल्या दर्जाची आरोपीला जाणीव होती हे सरकारने सिद्ध करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी ठरवले, ही जमेची बाजू. पण तेथवर पोहोचेपर्यंत त्या माणसाचे काय झाले असेल, याची कल्पना करावी. तेव्हा कोलंबसकरांनी आज रात्री सर्वांत आधी स्वतःच्या शिकार परवान्यावरची तारीख पाहावी.

आता नोंदणीचा प्रश्न. कर शून्य झाला, हे खरे. नोंदणी रद्द झालेली नाही. स्वतः सायलेन्सर बनवायचा असेल तर फॉर्म १, दुसऱ्याकडून घ्यायचा असेल तर फॉर्म ४, सोबत बोटांचे ठसे आणि छायाचित्र, आणि मंजुरी हाती आल्यावरच पुढची कृती, हा क्रम तसाच आहे. फॉर्म १ ही अजून न बनवलेली वस्तू बनवण्याची परवानगी आहे. यंत्रणेच्या मते तुमची नळी आलेल्या दिवसापासूनच सायलेन्सर असेल, तर जे आधीच अस्तित्वात आहे ते बनवण्याची परवानगी ती देणार नाही. २०२२ च्या आरंभी असे संच वापरून सायलेन्सर बनवू इच्छिणाऱ्यांचे कितीतरी फॉर्म १ अर्ज याच कारणास्तव एकगठ्ठा नामंजूर झाले होते. ते लोक कायदा पाळायलाच निघाले होते, आणि अर्जातूनच त्यांनी वस्तू आपल्याकडे असल्याचे कळवले होते. अर्जातील माहिती अर्जदाराविरुद्ध आधीच्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून वापरण्यावर कायद्यात मर्यादा आहेत, पण त्या संरक्षणाची परीक्षा आपल्यावर घेऊ द्यावी असे मी कोणाला सुचवणार नाही. जुन्या विना-नोंदणी वस्तू माफीने नोंदवून घेण्याची सर्वसाधारण संधी एकदाच दिली गेली, १९६८ मध्ये, ३० दिवसांपुरती. कर शून्य झाल्यानंतर करावर उभा असलेला हा कायदा घटनेनुसार टिकतो का, असे खटले दाखल झाले आहेत आणि प्रश्न विचार करण्याजोगा आहे, कारण १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा करवसुलीच्या अधिकाराच्या आधारेच उचलून धरला होता. परंतु निकाल लागेपर्यंत कायदा जिवंत आहे, आणि आय-४८५ प्रलंबित असलेल्याने त्याच्या मरणाची वाट पाहत बसू नये.

काकांना देण्याचा विचार डोक्यातून काढून टाकावा. विना-नोंदणी सायलेन्सर दुसऱ्याच्या हाती देणे हा येथे गुन्हा आहे. सामानात घालून देशाबाहेर नेणे ही निर्यात ठरते, आणि सायलेन्सर अमेरिकेच्या युद्धसामग्रीच्या यादीत असल्यामुळे तिला परराष्ट्र खात्याचा परवाना लागतो. मुंबईला उतरल्यावर भारताचा १९५९ चा शस्त्र अधिनियम सुरू होतो. त्यातील ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेत गोळी झाडल्याचा आवाज किंवा ज्वाळा कमी करण्यासाठी तयार केलेले जोडसामान येते आणि परवान्यावाचून अशी आयात करता येत नाही. काकांचा पीकसंरक्षणाचा परवाना एका विशिष्ट बंदुकीपुरता असतो. पुतण्याच्या प्रेमाची भेट म्हणून आलेली ही नळी त्यांचा तो परवानाही धोक्यात आणील.

डॅलसचा पाटील

स्थलांतराची बाजू माझ्या ध्यानात आली नव्हती, हे मान्य करतो. मी नागरिक असल्यामुळे त्या अंगाने कधी पाहिलेच नाही. निकालांबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे. सर्वसामान्य माणसाला आपल्याकडची वस्तू गुन्हा आहे की नाही हे सात वाट्यांच्या आकारावरून ओळखावे लागत असेल, तर दोष कायद्याच्या भाषेत आहे.

एडिसनकर वकील

त्या मताशी मी पुष्कळ अंशी सहमत आहे. आशिलाला मात्र मी कायदा कसा असावा हे सांगू शकत नाही.

कोलंबसकर

सर्वांचे मनापासून आभार. परवान्यावरची तारीख पाहिली. तो अजून चालू आहे. छायाचित्र टाकणार नाही. तरी तीन शंका उरतात. ती वस्तू उद्या सकाळी कचऱ्यात टाकून दिली तर विषय संपेल का? एखादा अधिकारी दारात आलाच, तर मी काय बोलावे? मला वाटते की सगळे खरेखरे सांगून टाकले तर ते समजून घेतील. आणि माझा एक मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतो, त्यानेही याच जाहिरातीवरून हेच साधन मागवले होते. त्याला काय सांगू?

एडिसनकर वकील

क्रमाने लिहितो, पण यातील एकही गोष्ट माझ्या शब्दावर करू नका. ओहायोतील शस्त्रकायद्याची माहिती असलेला फौजदारी वकील आणि तुमच्या ग्रीन कार्डचा वकील, या दोघांशी या आठवड्यात एकत्र बोला. कंपनीने नेमलेला स्थलांतराचा वकील कंपनीचीही बाजू पाहतो, म्हणून स्वतःच्या खर्चाने वेगळा वकील गाठलेला बरा.

कचऱ्यात टाकण्याचा मोह समजतो. परंतु तपास चालू असल्याची किंवा होणार असल्याची जाणीव असताना त्यात अडथळा आणण्यासाठी वस्तू नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याची कमाल शिक्षा २० वर्षांपर्यंत जाते, म्हणजे मूळ गुन्ह्याच्या दुप्पट. तुमच्या बाबतीत असा तपास आहे की नाही, हे ठरवण्याच्या स्थितीत तुम्ही नाही. वकील तुमचे नाव उघड न करता यंत्रणेशी बोलू शकतो आणि वस्तू ताब्यात देण्याची रीतसर व्यवस्था लावू शकतो. ज्या खरेदीदारांना एटीएफने इशारापत्रे पाठवली, त्यांतील पुष्कळांना वस्तू जमा करण्याचाच पर्याय दिला होता.

अधिकारी आल्यास नम्रपणे सांगावे की मी वकिलामार्फत बोलेन, आणि वॉरंट नसेल तर घरात येण्यास संमती देऊ नये. यात उद्धटपणा नाही. हा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. सगळे सांगून टाकण्याची वृत्ती आपल्या लोकांत फार असते, आणि घाबरलेला माणूस सांगता सांगता एखादी गोष्ट सावरून सांगतो. केंद्रीय अधिकाऱ्याला जाणूनबुजून खोटे सांगणे हा पुन्हा एक गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि मूळ आरोप न टिकता केवळ यावर शिक्षा झाल्याची उदाहरणे कमी नाहीत. आय-४८५ मध्ये अटक झाली नसली तरी कधी गुन्हा केला आहे का, असा प्रश्न असतो. त्याचे उत्तर बदलावे लागते का, हेही त्या दोन वकिलांनी मिळून ठरवायचे आहे.

मावसभावाला फोन करून फक्त एवढे सांगा की स्वतःचा वकील गाठ. संदेशात काही लिहू नका. कॅलिफोर्नियात, माझ्या न्यू जर्सीत, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई या राज्यांत सर्वसामान्य माणसाला सायलेन्सर ठेवताच येत नाही. केंद्राकडे नोंदणी करूनही नाही. कॅलिफोर्नियात तो बाळगणे हा तुरुंगवास किंवा दहा हजार डॉलरपर्यंत दंड असलेला गंभीर गुन्हा आहे, आणि सुट्या भागांच्या संचाची व्याख्या तेथेही जवळजवळ अशीच आहे.

जुना नेमबाज

एक पुस्ती जोडतो. तीच वस्तू ‘इंधन गाळणी’ या नावानेही विकली जाते, आणि तेलाची गाळणी बंदुकीला जोडण्याचे आटेही मिळतात. नाव बदलल्याने काही फरक पडत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या ऑनलाइन खरेदीच्या यादीत असे काही पडून असेल, तर आजच काढून टाकावे.

माजी एनसीसी

कायद्याची चर्चा उत्तम झाली, पण गालिच्याचा मूळ प्रश्न तसाच राहिला. पॉइंट टू-टूला इतके द्रावक लागतच नाही. आपण एनसीसीत काय करत होतो ते आठवा: फुलथ्रूच्या, म्हणजे नळी साफ करण्याच्या दोराच्या, फटीत तेलाची चिंदी अडकवायची, मागून नळीत सोडायची, एका दमात पुढून ओढून काढायची, आणि शेवटी एक कोरडी चिंदी. येथे तसाच गुंडाळून ठेवता येणारा सफाईचा दोर दहा-पंधरा डॉलरला मिळतो. चिंदीवर द्रावकाचे चार थेंब पुरतात, ते गळत नाहीत. तरी भीती वाटत असेल तर रायफलचे तोंड किंचित खाली करून त्याखाली जुने वर्तमानपत्र अंथरावे. रविवारचा अंक जाड असतो.